वस्तीतल्या मुलांना शिकवायला जाताय? आधी एवढं ठरवून घ्या

रायपूरच्या ब्राह्मणपारा, तात्यापारा, बुढापारा इथल्या मराठी घरांतून दरवर्षी जुलै उजाडला की तेच प्रश्न येतात. ‘शाळेनं सेवाकार्याचे तास भरून आणायला सांगितलेत, मुलीनं जायचं कुठे?’ ‘मुलगा अकरावीत आहे, त्याला वस्तीतल्या मुलांना शिकवायचंय, परवानगी लागते का?’ ‘दोन मुलं येतील असं वाटलं होतं, अठरा आली. आता काय?’ ‘मराठीत शिकवायचं की हिंदीत?’ आणि आईवडिलांचा एक प्रश्न, बहुतेक वेळा फोन ठेवता ठेवता विचारलेला: ‘यात काही धोका तर नाही ना?’

हा लेख नववी ते बारावीतल्या तुम्हा विद्यार्थ्यांसाठी आहे. शेवटाकडे थोडं तुमच्या पालकांसाठीही आहे. संस्था काढण्याचा हा विषय नाही. घरापासून चालत जाता येईल अशा वस्तीतल्या तिसरी-चौथीच्या दोन मुलांना वाचता यावं, वजाबाकी यावी, एवढंच काम डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे.

सुरुवात कुठून करायची

कायद्यानं अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती मूल आहे. म्हणजे शिकणारं मूल आठ वर्षांचं असेल आणि शिकवणारं सोळा वर्षांचं, तरी दोन्हीकडे मूलच आहे. दोघांनाही सांभाळायचं आहे. मुलं उत्साहानं काम सुरू करतात तेव्हा नेमकी हीच गोष्ट सुटते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांना शिकवण्याचं स्वागत केलं आहे, पण त्याच वाक्यात प्रशिक्षित शिक्षकाची देखरेख आणि सुरक्षेची काळजी या दोन अटीही आहेत.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी जबाबदार मोठं माणूस, मग जागा, मग वेळ, आणि मुलं सगळ्यांत शेवटी. बहुतेक ठिकाणी हे उलटं होतं. आधी मुलं गोळा होतात, मग जागेची शोधाशोध, आणि मोठं माणूस आठवतं ते काही बिनसल्यावर.

मोठं माणूस कोण असावं

शिकवणारी व्यक्ती असलीच पाहिजे असं नाही. निवृत्त शिक्षिका मिळाल्या तर उत्तमच. नाहीतर वस्तीतली अंगणवाडी कार्यकर्ती, तुमच्या शाळेतल्या बाई, वाचनालयाचे कुणी पदाधिकारी, ओळखीच्या काकू चालतील. चौबे कॉलनीतलं महाराष्ट्र मंडळ 1935 पासूनचं आहे. मंडळाच्या महिला केंद्रांतल्या बायकांना आपापल्या भागाची खडानखडा माहिती असते. तिथे विचारायला संकोच करू नका.

त्या व्यक्तीकडून तीन गोष्टी कबूल करून घ्या:

- वर्ग चालू असताना ती तिथे असेल, किंवा हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर असेल.
- मुलांच्या आईवडिलांशी पहिलं बोलणं ती करेल.
- काही गंभीर कळलं तर ते तुम्ही तिला त्याच दिवशी सांगाल आणि पुढची पावलं ती उचलेल.

असं माणूस मिळालं नाही तर वर्ग सुरू करू नका. महिनाभर उशीर झाला तरी चालेल. या एका बाबतीत तडजोड नको.

जागा

कुणाच्या घरातली आतली खोली नको, शिकणाऱ्याच्याही नको आणि तुमच्याही नको. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी जागा हवी: अंगणवाडीची ओसरी, देवळाचा सभामंडप, समाजभवन, शाळा सुटल्यावरचा शाळेचा व्हरांडा. ब्राह्मणपाऱ्यात आनंद समाज वाचनालयासारख्या जुन्या सार्वजनिक जागा आहेत. अशा ठिकाणी ओळखीच्या मोठ्या माणसाला घेऊन जा आणि लेखी विनंती करा. तोंडी ‘हो’वर सुरू केलेला वर्ग पदाधिकारी बदलले की बंद पडतो.

अशा उघड्या जागी भरणाऱ्या वर्गांची सवय रायपूरला आहे. 2020 मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा राज्यानं आधी ‘पढई तुंहर दुआर’ हा ऑनलाइन कार्यक्रम काढला. ज्यांच्या घरी स्मार्टफोन नव्हता ती मुलं त्यातून गळायला लागली, तेव्हा ‘पढई तुंहर पारा’ आलं आणि गल्लीत, समाजभवनात, झाडाखाली वर्ग भरू लागले. शिक्षकांच्या जोडीला पाऱ्यातले तरुण होते. ओसरीवर भरणारा वर्ग म्हणजे काय, हे इथल्या पालकांनी तेव्हा पाहिलेलं आहे. पहिल्या बोलण्यात त्याची आठवण करून दिली तर अर्धं समजावणं वाचतं.

जागा बघताना पाणी, पंखा, उजेड आणि वापरता येईल असं स्वच्छतागृह, एवढं पाहून घ्या. तलावाच्या काठावर किंवा वाहत्या रस्त्याला लागून बसवू नका.

दिवस, वेळ आणि वर्षाचं गणित

आठवड्यातून दोन दिवस, एक एक तास. रोज जाण्याचा संकल्प सोडला तरच काम टिकेल. दिवस ठरलेले हवेत आणि ते बदलू नयेत. मुलं तुमची वाट बघतात. तुम्ही न सांगता दोनदा गैरहजर राहिलात तर तिसऱ्या वेळी ती येत नाहीत, आणि त्यात त्यांची काहीच चूक नसते.

इथल्या शाळा साधारण जूनच्या मध्याला उघडतात. जून मुलांना आणि तुम्हाला रुळायला द्या. जुलैत सुरू करा आणि डिसेंबरच्या मध्याला थांबा. त्यानंतर तुमच्या पूर्वपरीक्षा, प्रात्यक्षिकं आणि बोर्ड आहे. दहावी-बारावीत असाल तर जानेवारीपासून वर्ग घेऊ नका. कुणी कितीही आग्रह केला तरी.

मधल्या खंडांची नोंद आधीच करून ठेवा. पोळा झाला की तीज येते, म्हणजे आपली हरतालिका. छत्तीसगडी घरांतल्या बायका तीजेला माहेरी जातात आणि मुलं त्यांच्याबरोबर. पाठोपाठ तुमच्या घरी गणपती. पुढे नवरात्र, दिवाळी, आणि त्याच सुमाराला गावाकडे धानाची कापणी. शहरात मजुरी करणारी कितीतरी कुटुंबं तेव्हा गावी जातात. मूल दोन आठवडे दिसलं नाही म्हणून ‘यांना शिक्षणाची किंमत नाही’ असा शेरा मनातसुद्धा मारू नका. कुठे गेलंय ते विचारा, परत आलं की मागच्याच पानापासून सुरू करा.

किती मुलं घ्यायची

एका विद्यार्थ्यामागे दोन. फार तर तीन.

यावर सगळ्यात जास्त वाद होतो, कारण दारात उभ्या राहिलेल्या पोराला नाही म्हणणं जिवावर येतं. पण अठरा मुलांसमोर उभे राहिलात की तुम्ही शिक्षक होता, आणि त्यासाठी लागणारं प्रशिक्षण तुमच्याकडे नाही. दोन मुलांच्या शेजारी बसलात तर वर्गातल्या शिक्षकांना जे वेळेअभावी जमत नाही ते तुम्हाला जमेल: मूल नेमकं कुठे अडतंय हे बघणं. जास्त मुलं आली तर नावं लिहून ठेवा, आणि आणखी मित्र-मैत्रिणी जोडल्या गेल्या तरच त्यांना घ्या. तोवर सगळ्यांसाठी शेवटाकडची दहा मिनिटं मोठ्यानं गोष्ट वाचून दाखवा. तिला कितीही मुलं चालतात.

पहिल्या दोन भेटी: शिकवू नका, मूल कुठे आहे ते बघा

मूल चौथीत आहे म्हणून चौथीचं पुस्तक उघडलंत तर पुढचे सहा महिने वाया जातील. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत 2024 साली ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांमधली तिसरीतली 23.4 टक्के मुलंच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. आकडा खेड्यांचा आहे, पण शहरातल्या वस्तीतही मागे राहिलेलं मूल तुम्हाला पहिल्याच दिवशी भेटेल.

‘प्रथम’ ही संस्था 1995 साली मुंबईच्या वस्त्यांतून सुरू झाली. तिनं वापरात आणलेली वाचनाची साधी तपासणी तुम्हीही करू शकता. मुलाला एकटं शेजारी बसवा (मोठं माणूस दिसेल अशा जागी), लिहायला काही देऊ नका आणि या क्रमानं वाचायला द्या:

1. सुटी अक्षरं
2. दोन-तीन अक्षरांचे सोपे शब्द
3. पहिलीच्या पातळीची चार सोपी वाक्यं
4. दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट

जिथे मूल थांबतं तिथून तुमचं काम सुरू. वहीत तारीख घालून लिहा: ‘शब्द वाचते, वाक्यात अडखळते.’ एवढी नोंद पुरे.

एक गोष्ट फसवते. मूल हिंदीचा धडा घडाघडा म्हणतं, ओळीखालून बोटही फिरवतं, आणि तुम्ही खूश होता. मग त्याच ओळीतला चौथा शब्द झाकून पाचवा विचारा. बोट तिथेच थांबतं, ओठ पहिल्या शब्दापासून पुन्हा पुटपुटायला लागतात आणि मोजत मोजत पाचव्यापर्यंत येतात. धडा पाठ आहे, वाचता येत नाही. अशा मुलाला ओरडू नका. ऐकून एवढं लक्षात ठेवणारं मूल हुशार असतं. चित्र झाकून, शब्द उलट क्रमानं विचारून आणि त्याच्या न वाचलेल्या पुस्तकातली ओळ देऊन खरी पातळी कळते.

गणिताचंही असंच. आधी 1 ते 9 ओळखता येतात का, मग दोन अंकी संख्या, मग हातच्याची वजाबाकी. 52 मधून 27 वजा करायला सांगा. पुष्कळ मुलं 35 लिहितात. एककात 2 मधून 7 जात नाहीत, म्हणून ती 7 मधून 2 काढतात. हे निष्काळजीपण नव्हे. ‘मोठ्यातून लहान वजा करायचं’ हा नियम ती चुकीच्या जागी इमानदारीनं पाळत असतात. इथे नियम पुन्हा समजावून सांगण्याचा काही उपयोग होत नाही. खराट्याच्या काड्या घ्या, दहा-दहाचे जुडगे रबराने बांधा. पाच जुडगे आणि दोन सुट्या काड्या मुलासमोर ठेवून म्हणा, सत्तावीस दे. दोन जुडगे ते लगेच उचलतं, सात सुट्या काड्यांपाशी अडतं. जुडगा सोडायचं त्याला आपण होऊन सुचेपर्यंत गप्प बसा. सुचलं की एक जुडगा सुटतो, बारा सुट्या होतात, सात जातात, पाच उरतात. आणि उरलेले दोन जुडगे. पंचवीस. हे चार-पाच वेळा हातानं करून झाल्यावरच पाटीवर या.

कोणत्या भाषेत शिकवायचं

मुलाच्या शाळेची भाषा बहुधा हिंदी, घरची छत्तीसगडी. काही वस्त्यांत उडियाही. तुमच्या घरी मराठी. शिकवा हिंदीत, पण उत्तर मुलाला त्याच्या घरच्या भाषेत देऊ द्या. गोष्टीत काय झालं हे ते छत्तीसगडीत सांगत असेल तर त्याला गोष्ट कळली आहे. ‘शुद्ध हिंदीत सांग’ म्हणालात की ते बोलायचंच थांबतं. दोन-चार छत्तीसगडी वाक्यं तुम्ही शिकून घ्या. त्यांना नीट बोलता येतं आणि तुम्हाला येत नाही असं काहीतरी वर्गात असलेलं बरंच.

मराठीचा अभिमान यात आडवा येऊ देऊ नका. वामनराव लाखे आणि माधवराव सप्रे ही रायपूरची मराठी घरांतली माणसं. 1900 साली त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ काढलं ते हिंदीत, कारण वाचणारे हिंदीचे होते.

मराठी घरात वाढलेल्या तुमच्यासाठी एक अडचण: हिंदी संख्यानामं. उनसठ, उनहत्तर, उन्यासी यांत तुमचाच गोंधळ होत असेल तर आधी घरी पक्की करा. मुलाला मात्र सुरुवातीला ‘छह दहाई नौ’ असं म्हणू द्या आणि उनहत्तर हे नाव नंतर जोडा.

स्वामी आत्मानंद योजनेतल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांत (आमापाऱ्याची पंडित आर. डी. तिवारी शाळा पहिल्या काहींतली) जाणारी मुलं भेटली तर पालक म्हणतील, ‘इंग्रजीच शिकवा.’ माझं मत असं: हिंदी वाचता येत नसेल तर आधी हिंदी वाचन पक्कं करा, इंग्रजी तोंडी चालू ठेवा. गाणी, सूचना, घरातल्या वस्तूंची नावं. पालकांना हे कारणासह सांगा आणि त्यांनी मान्य केलं तरच करा. मूल त्यांचं आहे.

तासाभरात काय करायचं

- पाच मिनिटं गप्पा. आज काय खाल्लं, शाळेत काय झालं.
- वीस मिनिटं वाचन, मुलाच्या पातळीवरचं.
- वीस मिनिटं गणित, हातात वस्तू घेऊन.
- दहा मिनिटं तुम्ही गोष्ट वाचून दाखवा. ‘स्टोरीवीव्हर’वर हिंदी गोष्टी मोफत मिळतात, आधी डाउनलोड करून ठेवा, तिथे फोनवर शोधत बसू नका.
- पाच मिनिटं वहीत नोंद.

शाळेचा गृहपाठ यात नाही, हे मुद्दाम. एकदा गृहपाठ हातात घेतलात की तुमचा वर्ग फुकटची ट्यूशन होतो. मूल उत्तरं उतरवून घेतं आणि वाचता येत नाही ते नाहीच. परीक्षेच्या आठवड्यात थोडी सूट द्या, एरवी नको.

हे टाळा

- मारणं, उठाबशा, ‘ढ’ म्हणणं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं शाळेतही मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास द्यायला बंदी आहे. तुम्हाला तो अधिकार कुठून येणार? ‘मारा, आमची हरकत नाही’ असं आईवडील स्वतः म्हणतील. तरीही नाही.
- फोटो. मुलांचे फोटो स्टेटसला लावू नका. शाळेला पुरावा हवा असेल तर वहीचं पान आणि मोठ्या माणसाची सही द्या. गरीब मुलाचा चेहरा हा तुमच्या प्रमाणपत्राचा कागद नव्हे.
- भेटवस्तू आणि खाऊ. सणाला सगळ्यांना सारखं काही दिलं तर ठीक. एका मुलाला पेन, दुसऱ्याला काही नाही, असं झालं की वर्ग मोडतो.
- पैसे. घेऊ नका, देऊही नका. कुणी उसने मागितले तर मोठ्या माणसाकडे पाठवा.
- एकट्यानं घरी सोडणं, गाडीवर बसवणं, खासगी मेसेज. निरोप नेहमी पालकांच्या फोनवर.
- शाळेच्या शिक्षकांबद्दल वाईट बोलणं. मूल ते तसंच्या तसं वर्गात जाऊन सांगतं आणि भोगतंही तेच. उलट शिक्षकांना एकदा भेटा, काय करताय ते सांगा. बहुतेक जण मदतच करतात.

मुलाचे हक्क: शाळेत अडलं तर

तुम्ही वकील नाही, पण पुढच्या गोष्टी माहीत असल्या तर पालकांना योग्य दारापर्यंत पोचवू शकाल. 6 ते 14 वयाच्या मुलांसाठी:

- जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.
- शाळाबाह्य मुलाला वयानुसार वर्गात घ्यायचं आणि मागे राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं, असं कायदा सांगतो. दहा वर्षांच्या मुलीला पहिलीत बसवायची गरज नाही.
- आधार नसल्यामुळे मुलाचा हक्काचा लाभ अडवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2018 च्या निकालात हे स्पष्ट केलं आहे.
- 2019 च्या दुरुस्तीनंतर राज्यांना पाचवी आणि आठवीत मुलाला त्याच वर्गात ठेवता येतं, पण त्याआधी जादा शिकवणी आणि दोन महिन्यांत फेरपरीक्षा द्यावी लागते. आठवी पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढता येत नाही.
- सरकारी शाळेतल्या शिक्षकांना खासगी शिकवणी घ्यायला मनाई आहे. ‘सरांकडे पैसे भरून जा, तरच पास’ असं कुणी सांगत असेल तर ती तक्रारीची बाब आहे.

तक्रार आधी मुख्याध्यापकांकडे, मग शाला प्रबंधन समितीकडे. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, आणि हे पुष्कळ पालकांना ठाऊक नसतं. तुम्ही स्वतः जाऊन भांडू नका. अर्ज लिहून द्या, वाचून दाखवा, सही पालकांची घ्या.

मुलानं काही गंभीर सांगितलं तर

विश्वास बसला की मुलं बोलतात. घरात मारहाण होते, कुणी कामाला लावतं, कुणी नको तिथे हात लावतं. अशा वेळी काय करायचं हे आधीच पाठ करून ठेवा.

1. ऐकून घ्या. खोदून प्रश्न विचारू नका. ‘तू सांगितलंस ते बरं केलंस’ एवढं म्हणा.
2. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. तुम्हाला ते पाळता येणार नाही.
3. त्याच दिवशी जबाबदार मोठ्या माणसाला सांगा. शब्द जसे होते तसे वहीत न लिहिता त्यांनाच सांगा, कारण वही दुसऱ्या हातात जाऊ शकते.
4. 1098 हा मुलांसाठीचा मोफत मदत क्रमांक आहे. धोका तातडीचा असेल तर 112.

लैंगिक अत्याचाराची शंका आली तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानं ती पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्याबद्दल शिक्षा आहे, मात्र अठरा वर्षांखालच्यांना ती लागू नाही. म्हणजे कायद्याची ती जबाबदारी तुमच्या मोठ्या माणसावर येते. तुमचं काम त्यांच्यापर्यंत लगेच पोचवणं. ते ‘घरातली बाब आहे, सोडून दे’ म्हणाले तर स्वतः 1098 लावा. मुलाचं नाव मैत्रिणींना, वर्गाच्या ग्रुपवर, कुठेच सांगायचं नाही. त्याची ओळख उघड करणं हाही गुन्हा आहे.

तुमचेही हक्क आहेत

- नाही म्हणण्याचा. एखादं मूल, एखादी जागा, एखादा माणूस नकोसा वाटला तर कारण न देता थांबता येतं.
- एकटं न जाण्याचा. जोडीनंच जा, आणि अंधार पडायच्या आत घरी.
- परीक्षेच्या आधी सुटीचा.
- फक्त शिकवण्याचा. मंडप लावणं, वर्गणी गोळा करणं, कुणाच्या प्रचारात उभं राहणं, हे तुमच्या कामात नाही. निवडणुकीच्या दिवसांत वर्गात कुणी पुढारी फोटो काढायला आला तर मोठ्या माणसाला पुढे करा आणि त्या दिवसापुरता वर्ग बंद ठेवा.

तास, प्रमाणपत्र आणि बोनस गुण

इथला गोंधळ मोठा आहे, म्हणून नीट वाचा.

सीबीएसईच्या शाळांत नववी ते बारावीला आरोग्य आणि शारीरिक शिक्षणाखाली ‘सेवा’ नावाचा भाग असतो. लहान मुलांना शिकवणं त्यात बसू शकतं, पण आधी शाळेच्या बाईंकडून मान्य करून घ्या. काम झाल्यावर कागद घेऊन गेलात तर तास नाकारले जाऊ शकतात.

‘उल्लास’ हा वेगळा कार्यक्रम आहे. केंद्राचा हा साक्षरता कार्यक्रम 2022 ते 2027 या काळासाठी आहे आणि तो 15 वर्षांवरच्या निरक्षर प्रौढांसाठी आहे. छत्तीसगडात त्यात स्वयंसेवक म्हणून शिकवणाऱ्या दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना राज्य मंडळाच्या परीक्षेत बोनस गुणांची तरतूद जाहीर झाली. तिसरीतल्या मुलाला शिकवून ते गुण मिळत नाहीत. गुण हवे असतील तर त्याच मुलाच्या आजीला अक्षरं शिकवा आणि शाळेमार्फत आधी रीतसर नाव नोंदवा. चालू वर्षाचा आदेश मुख्याध्यापकांकडे पाहून घ्या.

तास खरे लिहा. पंधरा झाले असतील तर पंधराच.

पालकांसाठी

मुलगी जाणार ती जागा एकदा स्वतः बघून या. मोठ्या माणसाचा नंबर घ्या. शिकणाऱ्या मुलांच्या आयांना भेटा, त्यांच्या घरचा चहा नाकारू नका. मुलानं ‘आज वर्गात अमुकच्या घरी बाप दारू पितो’ असं काही सांगितलं तर ते मंडळाच्या बैठकीत किंवा किटीत बोलायचा विषय करू नका.

तुमची लेखी संमती द्या आणि शिकणाऱ्या मुलाच्या पालकांचीही मागा. एक पान पुरे: कोण, कुठे, कोणत्या दिवशी, किती ते किती, सोबत मोठं कोण, पैसे लागणार नाहीत, फोटो काढले जाणार नाहीत. हिंदीत लिहा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा, मग सही किंवा अंगठा.

गुण कमी पडले की ‘बंद कर ते शिकवणं’ ही पहिली प्रतिक्रिया असते. आठवड्याचे दोन तास हे सहसा त्याचं कारण नसतं. आधी फोनचे तास मोजा.

थांबताना

डिसेंबरात थांबणार हे मुलांना नोव्हेंबरातच सांगा, शेवटच्या दिवशी नव्हे. पहिल्या भेटीत केलेली वाचनाची तपासणी पुन्हा करा आणि निकाल त्याच वहीत आधीच्या नोंदीखाली लिहा. आईला बोलावून मुलाकडूनच वाचून दाखवा, दोन ओळी का होईना. मूल पुढे सरकलं नसेल तर तेही स्पष्ट सांगा, आणि डोळे किंवा कान तपासून घ्यायला सुचवा. फळा न दिसणारं मूल वर्षानुवर्षं आळशी म्हणून खपतं.

तुमच्या जागी पुढच्या वर्षी येणारे नववी-दहावीतले दोघं आत्ताच शोधा आणि त्यांना शेवटच्या तीन-चार तासांना शेजारी बसवा. वही त्यांच्या हातात द्या. संमतीपत्रं मात्र मोठ्या माणसाकडेच राहतील, आणि जुलैत नव्या नावांनिशी ती पुन्हा भरून घ्यायची.